गुरुजी, ती पळसाची पानं

गुरुजी,

सुनंदाताईंचा फोन आला होता. म्हणाल्या, बाबांच्या आठवणींचं छोटं पुस्तक काढतोय, संतोष, तूही दोन पानं लिही. मी हो म्हटलं आणि मग चार दिवस नुसता घाबरून बसलो. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाने मास्तरांवर काय लिहायचं, ही एक भीती. दुसरी भीती त्याहून मोठी. मला जे लिहायचंय ते अशा पुस्तकात बसणारं नाही. बाकीचे लिहितील की गुरुजी देवमाणूस होते. मीही गेल्या वर्षापर्यंत तेच म्हणायचो आणि मनापासून म्हणायचो. पण आज मी तुमच्यावर रागावलोय. गेलेल्या माणसावर रागवायचं कसं हे तुम्ही मला शिकवलं नाहीत. बाकी सगळं शिकवलंत.

ताई, छापावंसं वाटलं नाही तर छापू नका. पण शेवटपर्यंत वाचा.

मी हे मस्कतला, बेकरीच्या मागच्या खोलीत, मैद्याच्या गोणीवर बसून लिहितोय. हातात वही आहे, ती सवय तुमचीच. 'शाळा सुटली म्हणून वही सुटायची नाही,' असं म्हणून तुम्ही मला रोज दुपारी विहिरीपाशी बसवायचात आणि एक पान लिहून घ्यायचात. काय वाटेल ते लिही म्हणायचात. मी लिहायचो, आज वादळाने माडाच्या चार झापा पडल्या. आज कुत्र्याने हौसाबाईचा बोंबील पळवला. तुम्ही लाल पेनाने ऱ्हस्वदीर्घ सुधारायचात आणि खाली दर वेळी एकच ओळ लिहायचात, 'मग पुढे काय झालं?'

तेच सांगायला बसलोय. तुमच्याविरुद्ध लिहायचं तर तेही तुम्ही दिलेल्या अक्षरातच लिहावं लागतंय, याचाही राग येतो.

तुमच्या पडवीतल्या फळ्यापासून सुरुवात करतो. मुरुडला तुमच्या वाडीत आलेल्या प्रत्येकाने तो पाहिलाय. काकू, म्हणजे सुनंदाताईंच्या आई, गेल्या, तुम्ही घाटावर कुठेतरी आठ दिवस राहून आलात, आणि आल्याआल्या देवघर रिकामं केलंत. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, पितरांचे टाक, सगळं पुसून धाकट्या भावाकडे पोचतं केलंत. काकूंचा फोटोसुद्धा भिंतीवरून उतरवलात. मग प्लायवूडचा मोठा तक्ता आणून त्याच्या मधोमध सोनेरी ठिपका काढलात. म्हणालात, 'हा देव. याला हात नाहीत, पाय नाहीत, तोंड नाही. नुसता प्रकाश.' भोवती गोलाकार बाकीची चित्रं. शंकराची पिंडी, कारण ती मुळात ज्योतच. मूसा पैगंबराला दिसलेलं पेटतं झुडूप. ख्रिस्ती लोकांची मेणबत्ती. पारशांचा अग्नी. शिखांचा ओंकार. मुसलमानांसाठी चित्र काढायचं नाही म्हणून तुम्ही फक्त 'नूर' एवढी अक्षरं लिहिलीत, आणि रेवदंड्याच्या बाजूला शनिवार तेल्यांच्या, म्हणजे आपल्याकडच्या ज्यूंच्या, घरात शुक्रवारी लागतात ते दोन दिवे. या सगळ्यांतून किरण निघून त्या एका ठिपक्याला मिळायचे. ते किरण मी रंगवले होते. मी सहावीत होतो. आई तुमच्या वाडीत कामाला होती. मी ब्रश धरला आणि तुम्ही मागून म्हणालात, 'सरळ ओढ. देवाकडे जाणारी रेघ वाकडी नको.'

लोक हसायचे. मासळीवाली हौसाबाई पाटी उतरवून पडवीत टेकायची आणि म्हणायची, 'गुरुजी, तुमच्या देवाला नाक न्हाय, मंग ती अगरबत्ती कोनाला?' तुम्हीही हसलात आणि दुसऱ्या दिवसापासून अगरबत्ती बंद केलीत. एका वर्षी मिरवणुकीवरून गावात कुरबूर झाली तेव्हा तुम्ही तो तक्ता उचलून फाटकाला टांगलात, बाजूला माठ ठेवलात आणि दिवसभर उन्हात खुर्ची टाकून बसलात. दोन्हीकडची पोरं तुम्हाला वेडा म्हातारा म्हणाली आणि दोन्हीकडची पोरं तिथं पाणी प्यायली. हे मी विसरलेलो नाही. तुमच्या देवाने त्या दिवशी काम केलं.

पण आमच्या घरात त्याने काय केलं ते ऐका.

आम्ही तळा गावाकडचे. भाताची थोडी जमीन, ती महादूकाकाबरोबर सामाईक. लावणी उरकली आणि समुद्र खुला झाला की बाबा मुरुडला येऊन बोटीवर खलाशी म्हणून चढायचे आणि कापणीला गावी जायचे. मी आठवीत होतो तेव्हा भाद्रपदात बोट परत आली आणि बाबा आले नाहीत. जाळं ओढताना दोरात पाय अडकला की तोल गेला, कोणी नीट सांगितलं नाही. बोटीचा तांडेल आईसमोर उभा राहून जमिनीकडे बघत होता. दोन दिवस बोटी फिरल्या. काही मिळालं नाही. चप्पल मिळाली, ती बोटीवरच होती.

तिसऱ्या आठवड्यात महादूकाका एसटीने आला. स्टँडपासून डोक्यावर पळसाच्या पानांचा भारा घेऊन चालत. आमच्यात ज्याचं शव मिळत नाही त्याचा पुतळा करतात. पळसाची पानं, दर्भ, डोक्याच्या जागी नारळ. त्याला आंघोळ घालतात, नवं वस्त्र नेसवतात, तिरडीवर बांधून चौघं खांदा देतात आणि मुलगा अग्नी देतो. मग दहावं, मग तेरावं. एवढं झालं की गेलेला गेला, आणि राहिलेल्यांना रडून पुढे जाता येतं. काकाने भटजीही ठरवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी करायचं होतं.

तुम्ही आईला पडवीत बोलावलंत. काका होता, मी होतो. तुम्ही किती मायेने बोललात. त्या मायेमुळेच पुढचं सगळं झालं.

'यमुना, आत्मा म्हणजे ज्योत. शरीर म्हणजे सदरा. सदरा समुद्राने नेला. ज्योत जिथून आली होती तिथं परत गेली.' तुम्ही ठिपक्यावर बोट ठेवलंत. 'आता तू पानांची बाहुली करून जाळणार. म्हणजे कोणाला जाळणार?'

काका म्हणाला, 'गुरुजी, पन मानसाला वाट तर दावाया लागंल ना?'

'उजेडाला वाट दाखवावी लागत नाही, महादू.'

मला तेव्हा फार अभिमान वाटला. वाटलं, भटजीला असं बोलता आलं असतं का? माझे बाबा मी रंगवलेल्या किरणावरून सरळ वर गेले, असंच चित्र माझ्या डोळ्यांसमोर आलं. तेरा वर्षांचा होतो. तुमच्या बाजूने काकाशी भांडलोसुद्धा. काका म्हणाला, 'तुमचं तुमी बगा,' आणि दुपारच्या गाडीने निघून गेला. आई उठून निमूट कामाला लागली. ती तुम्हाला घाबरत नव्हती. पण वाडीतली मागची खोली तुमची, हाताला काम तुमचं, पोराला अक्षरं तुमची. तुमच्या शब्दाबाहेर ती कशी जाणार?

पानांचा भारा गोठ्यात कोपऱ्यात पडून राहिला. रविवारी तुमच्याकडे शांतीत, म्हणजे ध्यानाला, बसायला माणसं यायची होती, अलिबागकडची, श्रीवर्धनकडची. शनिवारी तुम्ही गोठ्यात डोकावलात आणि म्हणालात, 'यमुना, ही पानं वाया कशाला घालवायची? पत्रावळी लाव.'

गुरुजी, मी हे वाक्य चोवीस वर्षं कोणाला सांगितलेलं नाही. तुमच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. तुमच्या लेखी ती पानं होती. तुमच्या देवाला रूप नाही, म्हणून तुम्हाला त्या भाऱ्यात माणूस दिसला नाही. आईला दिसत होता. ती दिवसभर गोठ्याच्या दारात बसून पानाला पान लावत होती, हिराची काडी टोचत होती. मध्येच एखादं पान मांडीवर सपाट करून त्यावरून हात फिरवायची. दुसऱ्या दिवशी त्या पत्रावळींवर तुमचे पाहुणे वरण-भात आणि वालाची उसळ जेवले. मी पाणी वाढत होतो. एक बाई म्हणाल्या, काय सुंदर लावल्यात पत्रावळी, आता कोण लावतं अशा. बाबांचे हातपाय व्हायची होती ती पानं, जेवणं झाल्यावर मीच गोळा करून खतखड्ड्यात टाकली.

एक तिने मागे ठेवली होती. त्या संध्याकाळी आमच्या खोलीत तिने त्यावर भात वाढला, कडेला सुकटीची चटणी, आणि पत्रावळ उंबऱ्याच्या आत ठेवली.

'कोणाला गं?'

'तुज्या बापाला.'

'पण गुरुजी म्हणाले ना...'

'गुरुजी बोल्ले जाळायला काय न्हाय. जाळायला न्हाय, तर मेला कशावरनं?'

तिथून ते ताट सुरू झालं. पत्रावळ फाटली तेव्हा पितळी आली, पितळीला चीर गेली तेव्हा स्टीलचं ताट. रोज दिवेलागणीला ती बाबांचं वाढते आणि सकाळी तो भात मला द्यायची. 'बापाचं उष्टं हाय, खा, आंगाला लागंल.' मी त्या भातावर वाढलो. सरकारने सात वर्षांनी बाबांना कागदावर मयत केलं. आईने कागद घेतला, घडी घालून पत्र्याच्या डब्यात ठेवला आणि संध्याकाळी ताट वाढलं. कपाळावर कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. हळदीकुंकवाला तिला बोलवावं की नाही, बायकांना कळायचं नाही. बोलवलं तर कुंकू लावताना हात अडखळायचा, नाही बोलवलं तर ती विचारायची का नाही बोलवलं. पाठीमागे काय बोलायच्या ते मी ऐकलंय. इथं लिहीत नाही.

ते ताट तुम्हाला दिसत होतं. वाडीतच होतो आम्ही. विहिरीवर जाताना आमच्या दारावरूनच जायचात. एकदाही तुम्ही विचारलं नाहीत की यमुना, हे कोणाचं. त्या वर्षी मी शाळा सोडली तेव्हा तुम्ही तासभर माझ्याशी वाद घातलात. सोडू नको, सोडू नको. आईला एकटी ठेवून वर्गात बसवत नव्हतं मला. माझ्या शाळेसाठी तुमच्याकडे तासभर होता. उंबऱ्यातल्या ताटासाठी एक प्रश्न नव्हता.

मोठा झाल्यावर मी आईला म्हणायचो, आपण पुतळा करू, काका अजून आहे, मी अग्नी देतो. तिचं उत्तर ठरलेलं. 'गुरुजी नको बोल्ले. त्यांनी हो बोलूंदे.' तुमच्यासमोर हे काढायचा मला धीर झाला नाही. तुम्ही पासपोर्टचा फॉर्म माझ्याशेजारी बसून भरलात. बंदरावर, मस्कतला नोकरी करणाऱ्या इस्माईलभाईंच्या घरी स्वतः चालत गेलात, त्यांच्या अम्मीने दिलेला शीरखुर्मा खाल्लात आणि म्हणालात, 'माझा मुलगा आहे असं समजा, याला मस्कतला कुठेतरी लावा.' त्यानंतर मी कोणत्या तोंडाने भांडणार होतो? तुमच्या उपकारांनी माझं तोंड शिवलेलं होतं. मी तिकडे गेलो, पुढे गावी एक खोली बांधली, आई तळ्याला परत गेली. ताटही तिच्याबरोबर गेलं.

इस्माईलभाई आणि मी एका खोलीत राहतो. ते बेकरीचा हिशेब बघतात, मी भट्टीवर असतो. गेल्या वर्षी त्यांचा पुतण्या जहाजावरून समुद्रात पडला. तोही मिळाला नाही. शुक्रवारी दुपारी नमाजानंतर मशिदीत रांगा लागल्या. मी बाहेर चपलांपाशी उभा राहून दारातून बघत होतो. जनाज्याची नमाज होती, उभ्याने पढायची. पण समोर जनाजा नव्हता. नुसती मोकळी फरशी.

परत येताना मी भीतभीत विचारलं, 'समोर तर काहीच नव्हतं, इस्माईलभाई.'

ते म्हणाले, 'गायबाना म्हणतात त्याला. गायब असलेल्याची. सगळ्यांच्यात चालत नाय, आम्ही शाफई पंथाचे, आमच्यात चालते.'

'पण तुमच्यात तर देवालाही रूप नाही.'

'अल्लाला सूरत नाय रे बाबा. मेलेल्याला नाव तर हाय ना? त्याच्या आईला कोणी सांगायचं की संपलं? चार माणसं रांगेत उभी राहिली की तिला कळतं.'

मी रस्त्यातच थांबलो. तुमच्या फळ्यावरचा सगळ्यात निराकार देव ज्यांचा, त्यांनीसुद्धा त्या आईसाठी रांग लावली होती. रेवदंड्याची शनिवार तेल्यांची एक म्हातारी नवऱ्याच्या तिथीला वेगळा दिवा लावायची, त्याचं नाव घेऊन. तुम्हीच मला नेऊन दाखवला होता तो दिवा आणि म्हणाला होतात, बघ, शेवटी प्रकाशच. तिच्यासाठी तो प्रकाश नव्हता, गुरुजी. तिच्यासाठी तो तिचा नवरा होता. सगळ्या धर्मांतला उजेड तुम्ही नेमका उचललात, आणि त्या उजेडात प्रत्येकाने आपापलं माणूस ठेवलं होतं तेवढं गाळलंत.

त्याच दुपारी मी तुम्हाला फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा तुमच्याशी आवाज चढवून बोललो. तुम्ही अंथरुणाला खिळलेले होतात हे मला माहीत होतं, तरी बोललो.

'अरे, ती प्रार्थना झाली,' तुम्ही म्हणालात. 'त्यांनी पुतळा नाही जाळला.'

'त्यांची रीत त्यांची. आमची रीत पुतळा. काहीतरी एक लागतंच ना?'

'म्हणजे आयुष्यभर सांगितलं ते मी आता फिरवू?'

'फिरवू नका. आईला एवढंच म्हणा, यमुना, तुला करावंसं वाटत असेल तर कर.'

'माझा विश्वास नसताना?'

'तुमचा बाप होता का तो?'

हे मी बोलायला नको होतं. फोनवर नुसता तुमचा श्वास ऐकू येत होता, भाता चालावा तसा. मग तुम्ही म्हणालात, 'ती कधी म्हणाली, तिला करावंसं वाटतं म्हणून?'

'तुम्ही विचारलंत कधी?'

'दम लागतोय रे,' तुम्ही म्हणालात. 'ठेवतो.'

तेच आपलं शेवटचं बोलणं. पुढे तुमचे दोन मिस्ड कॉल येऊन गेले. एक मी भट्टीवर असताना, दुसरा आठवड्याने. मी परत फोन केला नाही. म्हटलं, तळमळू दे थोडं म्हाताऱ्याला. मग लाज वाटली म्हणून केला नाही, मग उशीर झाला म्हणून केला नाही. कशासाठी फोन केला होतात तुम्ही? कधी वाटतं, हो म्हणायला. कधी वाटतं, छातीत थोडं बळ आल्यावर उरलेला वाद पुरा करायला. तुमचा स्वभाव मला माहीत आहे, दुसरंच असणार. पण पहिलं असलं तर? हा प्रश्न तुम्ही माझ्या गळ्यात बांधून गेलात. अडकलेला घास काढावा तसा मी रोज तो काढायला बघतो.

फाल्गुनात तुम्ही गेलात. इस्माईलभाईंच्या भावाने व्हिडिओ लावून दाखवलं. तुम्हाला पडवीत ठेवलं होतं, फळ्याखालीच. किरणांचा रंग उडालाय, ठिपका मात्र अजून चमकतो. गर्दीत एका बाजूला, खांबाशी, आई दिसली. तळ्याहून पहिली एसटी धरून आली होती. ती तुमच्याकडे टक लावून बघत होती. रडत नव्हती. मला कळलं ती काय बघतेय. मेलेलं माणूस समोर असलं की कसं असतं, ते ती बघत होती. तिला ते कधी मिळालंच नाही.

तेरा दिवस झाल्यावर ताईंचा फोन आला. पुस्तकाचं बोलून झाल्यावर त्या ओशाळल्यासारख्या म्हणाल्या, 'बाबांनी लिहून ठेवलं होतं, कसलेही विधी करू नका. अर्धा तास शांत बसा एवढंच. पण मन मानेना रे. काका म्हणाले, आत्या म्हणाल्या. शेवटी आगरदांड्याहून फेरीबोटीने पलीकडे उतरून हरिहरेश्वरला गेलो. अस्थी सोडल्या, पिंडदान केलं.' कावळा शिवला का, हे मी विचारलं नाही.

ताई, तुम्हाला मी दोष देत नाही. तुम्ही केलंत ते बरोबर केलंत. राग गुरुजींवर आहे. गुरुजी, तुमचा सदरा होता. तुम्हाला आंघोळ घालायला पाठ होती, हार घालायला गळा होता, खांदा द्यायला माणसं होती. पेटवायला लेक होती, वेचायला अस्थी होत्या, सोडायला समुद्र होता. तुम्ही नको नको म्हणत असताना हे सगळं तुम्हाला मिळालं. माझ्या बाबांच्या वाट्याला समुद्र तेवढा आला. उरलेलं पानांतून करायचं होतं, त्या पानांवर वरण-भात वाढला गेला.

फोन ठेवता ठेवता ताई म्हणाल्या, 'अरे हो. शेवटच्या आठवड्यात बाबा दोनदा विचारत होते, यमुनाचं ते ताट अजून चालू आहे का म्हणून. कसलं ताट?'

मी म्हटलं, 'सांगेन कधीतरी.' आणि फोन बंद करून त्या गोणीवर बसून राहिलो. भट्टीतले पाव जळाले. मालक ओरडला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. दिसत होतं आणि सलतही होतं. मग चोवीस वर्षं, गुरुजी? आम्ही वाडीत होतो तितकी वर्षं विहिरीवर जाता-येता? लेकीला विचारलंत, मला नाही, आईला नाही. देवाला तोंड नाही असं म्हणता म्हणता तुमचंही तोंड गेलं का?

तुमचा देव खोटा होता असं मी म्हणणार नाही. तेवढा कृतघ्न नाही आणि तेवढा शहाणाही नाही. पहाटे भट्टीचं दार उघडतो तेव्हा एकच उजेड सगळ्यांवर पडतो. मलबारी आहे, बंगाली आहे, पेशावरचा एक आहे, इस्माईलभाई आहेत, मी आहे. त्या घटकेला तुमचा फळा मला पटतो. पण त्या उजेडात मला दिसतात ती तोंडं. कोणाच्या दाढीला पीठ लागलंय, कोण झोपेत आहे, कोणाला घरून फोन आलेला नाही. त्यासाठीच तर उजेड हवा असतो. तुम्ही ठिपक्याकडे बघत राहिलात. आई तुमच्या शेजारी उभी होती.

काल दुपारी तिचा फोन आला.

'गुरुजींचं केलं म्हनं हरिहरेश्वराला समदं.'

'हो.'

'पिंडपन?'

'पिंडपण.'

मागे कोंबड्या ओरडत होत्या. मला भीती वाटली, म्हटलं हिला आता काय होतंय. मग ती म्हणाली, 'त्यांचं नको म्हननं त्यांनाच लागू झालं न्हाय. मंग मला का लागू?'

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

'महादू भाऊजींना इचारलं मी,' ती म्हणाली. 'आता पळसाला पान न्हाय. नुसती फुलं हायत, लाल लाल. वैशाखात पालवी येल. पावसाच्या आधी पान हाताएवढं व्हतं. तवर तू ये.'

'रजा मिळते का बघतो.'

'बघू नगो. ये.'

चोवीस वर्षांत तिने मला बाबांसाठी कधी बोलावलं नव्हतं. आज मालकाकडे अर्ज दिलाय. तो अजून बोललेला नाही. नाही म्हणाला तर काम सोडून जाईन असं इस्माईलभाईंना सांगितलं. ते म्हणाले, 'सोडशील कशाला, मी हाय ना, मी बोलतो.' काका म्हातारा झालाय, भारा आणायला त्याला जमायचं नाही. पानं मी तोडणार, अग्नी मी देणार. डोक्यासाठी नारळ तुमच्या वाडीतला घेईन म्हणतो, बाबा असताना लावलेल्या माडाचा. त्यासाठी ताईंना विचारीन. तुम्हाला या वेळी विचारणार नाही.

त्या दिवशी आई बांगड्या उतरवेल. मला ते बघवणार नाही आणि बघावं लागेल.

मग पुढे काय झालं, तर इथवर झालं. लाल पेन आता कोणी लावणार नाही, ऱ्हस्वदीर्घाच्या चुका तशाच राहतील. आणि ते तुम्ही विचारत होतात ना, यमुनाचं ताट अजून चालू आहे का. चालू आहे, गुरुजी. पानं येईपर्यंत.